एकाक्षाचा हात

दुरुस्तीकाकांच्या नाकावर राग असतो, असं सगळे म्हणायचे. काकूंना ते पटत नसे. "नाकावर असता तर शिंकरून टाकला असता," त्या म्हणायच्या, "यांच्या तो अंगात मुरलाय, लोणच्यात मीठ मुरावं तसा."

काकांनी सगळी हयात एका प्रकाशनात मुद्रितशोधक म्हणून काढली. छापायच्या आधी मजकुरातल्या चुका पकडायच्या, हे काम. त्यावरून 'दुरुस्तीकाका' हे नाव पडलं आणि ते असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारी. निवृत्त झाल्यावरही सवय गेली नाही. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर, जिन्यातली 'थुंकु नये'ची सूचना, काही म्हणजे काही त्यांच्या तावडीतून सुटत नसे.

त्या रविवारी सकाळी मात्र रागाला कारण होतं, आणि चांगलं भरभक्कम होतं. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर चौकटीत बातमी होती: 'एकाक्ष' कोण? संगणकाने सोडवले कोडे. शेजारी प्रकाशनाच्या मोठ्या मालकांचा, म्हणजे वारलेल्या मालकांचा, हसरा फोटो.

एकाक्ष हे टोपणनाव होतं. त्या नावाने रहस्यकथांची ढीगभर पुस्तकं निघाली. खिशात मावतील अशी, कव्हरवर एकच डोळा छापलेली. लोक ती गाद्यांखाली लपवून वाचत, एकमेकांकडून हिसकावून नेत. लिहिणारा कोण, हे कधीच बाहेर आलं नाही. आता बातमीत म्हटलं होतं की विद्यापीठातल्या एका संशोधक मुलीने ती सगळी पुस्तकं संगणकात घालून शब्द मोजले, आणि सिद्ध झालं की एकाक्ष म्हणजे खुद्द मोठे मालकच. पुढच्या महिन्यात सगळ्या कादंबऱ्यांचा संच निघणार, आणि त्यावर प्रथमच लेखकाचं खरं नाव येणार.

संशोधक मुलगी काकांची सख्खी भाची होती.

काकांनी बातमी एकदा वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली, कारण तिच्यात दोन चुका होत्या आणि त्यांवर खूण केल्याशिवाय त्यांना रागावता येईना. मग पेन टेबलावर आपटलं.

"मेला, तरी केसाने गळा कापतोच आहे!"

"चहा निवतोय," काकू म्हणाल्या.

"त्या पुस्तकांतली एकेक ओळ मी लिहिली आहे. एकेक ओळ!"

"मला काय सांगताय? एकेक ओळ मी ऐकली आहे."

हे खरं होतं. लग्नानंतर काही महिन्यांतच काकांनी पहिली कादंबरी लिहिली, याच स्वयंपाकघरात, याच टेबलावर, पहाटे उठून, कामावर जायच्या आधी. काकू उठून दार लोटून घ्यायच्या, म्हणजे बाहेरच्या खोलीत झोपलेल्या सासऱ्यांना उजेड दिसू नये. मग त्या भाजी चिरायला बसत आणि काका हलक्या आवाजात वाचून दाखवत. विष कशात घालावं, सुनेवर संशय कधी यावा, हे काकूंनी सुचवायचं. इतक्या बायका-पुरुषांचे मुडदे पाडले या माणसाने, आणि एकदा काकूंचं बोट विळीवर कापलं तर पाण्याचा तांब्या घेऊन स्वतःच खाली बसला, हा किस्सा त्या मोठ्या चवीने सांगत.

लपवायचं कारण म्हणजे काकांचे वडील. ते शाळामास्तर होते. सुविचाराखेरीज काही लिहिणं हे त्यांच्या लेखी पाप होतं. मुलगा खुनाच्या गोष्टी लिहितो हे कळतं तर त्यांनी त्याला दाराबाहेर काढलं असतं. मोठ्या मालकांनी हे बरोब्बर हेरलं. "तुझं नावच नको," ते म्हणाले, "एकाक्ष म्हणू. कोण, कुठला, कुणालाच कळणार नाही. आणि हस्तलिखित छापून झालं की जाळून टाक, उगाच भानगड नको." काकांना ते वरदान वाटलं. छापखान्यामागच्या चुलीत त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचे कागद घातले, एकामागून एक, वर्षानुवर्षं. चोराच्या हातात किल्ली द्यावी आणि वर त्याला दिवा धरावा, तसा हा प्रकार. पण हे तेव्हा कळायला अक्कल लागते, आणि ती बहुतेकांना उशिराच येते.

मालक बोलायला गोड होते. बोलण्यात लोण्याचा गोळा, पण लिहायला बसले की दोन ओळींत घाम फुटे. त्यामुळे प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला 'प्रकाशकाचे दोन शब्द' असत, ते काकाच लिहीत. खाली सही मालकांची. मासिकात मालकांच्या आठवणींची लेखमाला आली, तीही काकांनीच लिहिली. मालक खुर्चीत रेलून सांगत, "मी लहान असताना आमच्याकडे एक घोडा होता," आणि पुढचा सगळा घोडा काका उभा करत.

मास्तर वारले, तेव्हा काकांनी तोंड उघडलं. "आता नाव घालायला हरकत नाही."

"घालू की," मालक पाठीवर थाप मारून म्हणाले. "पण असं एखाद्या पुस्तकावर नको. एक दिवस सगळ्यांचा मिळून संच काढू, देखणा, कापडी बांधणीचा. त्याच्यावर तुझं नाव. माझा शब्द."

काका थांबले. मालक म्हातारे झाले, काका थांबले. मालक गेले, तरी काका थांबले. आणि आता संच निघत होता. कापडी बांधणीचा.

भाची दुपारी आली ती उड्या मारतच. हातात त्याच वर्तमानपत्राच्या प्रती. तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. मामा प्रकाशनात चुका दुरुस्त करायचा, एवढंच तिने आयुष्यभर ऐकलं होतं.

"मामा, वाचलंत? पहिल्या पानावर!"

"वाचलं. दोन चुका आहेत. आणि तिसरी चूक म्हणजे अख्खी बातमी."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या यंत्राला घाल चुलीत. ती पुस्तकं मी लिहिली आहेत."

ती हसली. मामा थट्टा करतो असं तिला वाटलं. मग तिने मामीकडे पाहिलं. मामी हसत नव्हती. भाची हळूच खुर्चीवर बसली.

"पण मामा, आकडे स्वच्छ आहेत," ती म्हणाली. आवाज जरा खाली आला होता. "मी सगळ्या कादंबऱ्यांचं पान न् पान संगणकात घातलं. असा जो मजकुराचा मोठा साठा असतो ना, त्याला आम्ही कॉर्पस म्हणतो. मग त्यातले लहान शब्द मोजायचे. पण, तर, मग, की, तरी, ना. खून, रक्त, पिस्तूल हे शब्द कुणीही उचलतो. लहान शब्दांकडे लिहिणाऱ्याचं लक्षच नसतं. 'माणूस वेश बदलतो, चाल बदलत नाही.'"

काका ताडकन उठले. "हे वाक्य कुठलं?"

"एकाक्षाचंच. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर आहे."

"माझं आहे ते! चाकू गिळणाऱ्या बाईच्या गोष्टीत इन्स्पेक्टर म्हणतो. माझ्याच वाक्याने मलाच हाकलता?"

"अहो, बसा," काकू म्हणाल्या.

"बसतो कसला! आयुष्यभर बसलोच आहे." पण ते बसले. "पुढे सांग. शब्द मोजलेस. मग मालक कुठून टपकले?"

"त्यांचं लिखाण ताडून पाहिलं. पुस्तकांतले त्यांचे दोन शब्द, मासिकातली लेखमाला. अगदी तंतोतंत जुळलं, मामा. तीच चाल. इतकं नीट कधी जुळत नाही."

काका हसले. त्या हसण्याने काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"जुळेल नाही तर काय होईल? तेही मीच लिहिलंय."

भाचीचं तोंड उघडं ते उघडंच. तिने मालकांची चाल म्हणून जी धरली होती, ती मामाची होती. मामाच्या लिखाणाशी मामाचं लिखाण ताडून तिने मालकांचं नाव काढलं होतं. तिची कित्येक वर्षांची मेहनत, आणि सुरुवातच चुकीच्या खुंटीला बांधलेली.

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तू आधी का नाही विचारलंस? अख्खं प्रकाशन पालथं घातलंस. मुद्रितशोधकाला कुणी विचारतं का? तो काय, उकार-इकार बघणारा!"

हे लागलं. तिला लागावं म्हणूनच काका बोलले होते. ती चाचरत म्हणाली, "दोन गोष्टींचा मला उलगडा होत नव्हता. एकाक्षाच्या पुस्तकांत दार कधी सताड उघडं नसतं आणि कधी बंदही नसतं. जवळजवळ प्रत्येक वेळी लोटलेलं असतं. आणि 'डावा' हा शब्द दुसऱ्या कुणाच्याही कादंबऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. डाव्या हाताने दिवा उचलला, डाव्या हाताने पेला सरकवला. मला वाटलं लेखक डावखुरा असणार. धाकट्या मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, हो, बाबा डावखुरेच होते."

"साफ खोटं! उजव्या हाताने सही करायचा आणि उजव्याच हाताने पाठीवर थापा मारायचा. अजून पाठ हुळहुळते माझी."

काकूंनी मध्येच चहा ओतला आणि कप भाचीपुढे सरकवला. भाची कपाकडे बघत राहिली. मग कप धरलेल्या हाताकडे. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. ते सवयीने लोटलेलं होतं.

"मामी," ती म्हणाली, "तू डावखुरी आहेस."

"जन्मापासून," काकू म्हणाल्या. "सासूबाईंनी हातावर पळी मारून बघितली, सुटली नाही सवय."

यानंतर भाचीने पुन्हा शंका काढली नाही. पण पटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. मामी डावखुरी आहे एवढ्यावर छापलेली बातमी मागे घेता येत नाही. तिने विचारलं, "तुमच्या स्वतःच्या नावाने लिहिलेलं काहीतरी द्या. लेख, गोष्ट, लांबलचक पत्र, काहीही. मी ते ताडून दाखवते."

आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. काकांच्या नावाचं काहीच नव्हतं. लिहिलं ते सगळं दुसऱ्याच्या नावाने, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून घरी आल्यावर नातेवाइकांना पत्रंसुद्धा काकूच लिहीत. काकांनी कपाट उपसलं, माळा उपसला, मनातल्या मनात मेलेल्या मालकाचे पूर्वज उपसले. हाती धूळ लागली.

"आता लिहून दिलं तर?"

"लोक म्हणतील, नक्कल केली."

दुसऱ्या दिवशी काका प्रकाशनात गेले. जुन्या छापखान्याच्या जागी आता काचेची दारं होती. भिंतीवर तोच एक डोळा, माणसाएवढा मोठा, काचेखाली. धाकटे मालक उठून उभे राहिले, खुर्ची पुढे केली. बापाचा गोडवा वारशात आला होता, फक्त पातळ होऊन.

"काका! किती दिवसांनी. तुमच्या भाचीने तर आमच्या बाबांचं नाव उजळलं."

"धाकटे मालक, संचावर नाव माझं यायला हवं. तुमच्या वडिलांचा शब्द होता."

धाकट्या मालकांनी डोळे मोठे केले. खोटं बोलणाऱ्याचे डोळे नेहमी गरजेपेक्षा जरा जास्त उघडतात. काकांनी हे कितीदा तरी लिहिलं होतं.

"काका, तुम्ही शुद्धलेखन बघायचात. ते ऋण आम्ही मानतोच. शेवटच्या पानावर आभारात तुमचं नाव घालू. 'मुद्रितशोधन' म्हणून. ठळक अक्षरात घालू, हवं तर."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि इतकी वर्षं सांभाळलेलं 'तुम्ही' त्या आगीत जळून गेलं.

"तू सायकलवरून घरी यायचास माझ्या. हस्तलिखितं न्यायला. अर्धी चड्डी घालून! जिन्यातच पाकीट उघडून वाचत बसायचास, आणि एकदा रडत वर आलास, की पुढचं प्रकरण कधी देणार म्हणून. आठवत नाही?"

धाकट्या मालकांचा चेहरा क्षणभर त्या मुलासारखा झाला. आठवत होतं. सगळं आठवत होतं. मग त्यांनी टेबलावरचे कागद नीट केले.

"मी लहान होतो, काका. पाकिटात काय असायचं मला काय ठाऊक? बाबांनी लिहिलेलं तुम्ही सुधारून पाठवत असाल. आणि आता तर संगणकच सांगतोय. यंत्राला कुणाची भीड नसते."

काका बाहेर आले. रस्त्यात एका दुकानाच्या पाटीवर चूक होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती तशीच सोडली.

भाची दुसऱ्या बाजूने कामाला लागली होती. तिलाही आता झोप नव्हती. "माझ्या कामात भोक आहे," तिने मामाला फोनवर सांगितलं. "मालकांच्या आसपासच्या बाकी कुणाचं लिखाण मी ताडलंच नाही. ताडून बघायला एक पूर्ण परका हात हवा होता." तिने धाकट्या मालकांनाच गाठलं. म्हणाली, तुमचं स्वतःचं काही लिखाण द्या, म्हणजे वडिलांच्या शैलीचा वेगळेपणा उठून दिसेल. स्तुतीला कोण भुलत नाही? त्यांनी मोठ्या अभिमानाने 'माझे बाबा' हा लेख पाठवला. वडिलांच्या शोकसभेत त्यांनी तो वाचला होता. सभागृहात डोळ्याला रुमाल न लावलेला माणूस उरला नव्हता. पुढे तो स्मृतिग्रंथात पहिलाच लेख म्हणून छापला गेला, त्यांच्या नावाने.

दोन दिवसांनी, काका-काकू दुपारचे जेवत असताना, भाची धापा टाकत जिना चढून आली. तिला हसावं की रडावं ते कळत नव्हतं.

"मामा, यंत्र म्हणतंय की 'माझे बाबा' हा लेख एकाक्षानेच लिहिलाय. म्हणजे माझी बातमी खरी धरली, तर मोठ्या मालकांनी मेल्यावर स्वतःचा मृत्युलेख लिहिला!"

काकांचा घास हातातच राहिला. मग हळूहळू आठवलं. मालक गेले त्या दिवशी धाकटा त्यांच्या गळ्यात पडून रडला होता. "काका, मला सुचत नाहीये, उद्या सगळे येणार, मी काय बोलू?" काकांनी तिथेच, मालकांच्या रिकाम्या खुर्चीत बसून, एका बैठकीत भाषण लिहून दिलं. इतक्यांच्या नावाने इतकं लिहिलं होतं की ते लक्षातही राहिलं नव्हतं. खरं तर त्या लेखातलं सगळं प्रेम काकांचं होतं. तो माणूस त्यांना आवडायचा. त्याचाच जास्त राग येत होता.

"हात दाखवून अवलक्षण," काकू म्हणाल्या आणि भाचीला ताट वाढलं.

संचाच्या प्रकाशनाला सभागृह भरलं होतं. टेबलावर संच, कापडी बांधणीचा, फितीने बांधलेला. प्रत्येक पुस्तकाच्या मागे मालकांचा फोटो. काका पाचव्या-सहाव्या रांगेत कडेला बसले. खिशात भाषण होतं, खाडाखोड करून करून पाठ झालेलं. त्यात मास्तर होते, चूल होती, सायकल होती, काकूंचा डावा हात होता. कितीतरी वर्षं ते मनात तयार होत होतं. दुसऱ्यांना त्यांनी असली भाषणं अर्ध्या तासात लिहून दिली होती.

भाचीला 'संशोधनाबद्दल दोन शब्द' बोलायला बोलावलं होतं. तिने आधी आपली पद्धत सांगितली. मग आपली चूक सांगितली, मान वर ठेवून. मग म्हणाली, "तपासणीसाठी मी धाकट्या मालकांचा 'माझे बाबा' हा लेख घेतला. कादंबऱ्या, मोठ्या मालकांचे दोन शब्द, लेखमाला आणि हा लेख, सगळं एकाच हातचं आहे. आणि हा लेख लिहिला गेला, तेव्हा मोठे मालक वारलेले होते."

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं आणि हसू पुढे पुढे आलं. धाकटे मालक लाल झाले. त्यांनी माईक घेतला.

"तर मग सगळं मीच लिहिलं म्हणा की!" ते विनोद करायला गेले.

"पहिल्या कादंबरीच्या वेळी तुम्ही पाळण्यात होतात," भाची म्हणाली.

सभागृह दणाणलं. कुणीतरी ओरडलं, "मग लिहिलं कोणी?"

"यंत्र एवढंच सांगतं की हात एक आहे," भाची म्हणाली. "हाताचं नाव त्याला कळत नाही." आणि तिने सहाव्या रांगेकडे पाहिलं.

काका उठले. सगळी डोकी वळली. खिशात हात गेला, कागद हाताला लागला, पण रागापुढे मास्तर, चूल, सायकल, काहीच बाहेर येईना. लोक वाट बघत होते. शेवटी ते मोठ्याने म्हणाले, "मी लिहिलंय. सगळं मी लिहिलंय."

आणि खाली बसले.

काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही नुसते बघत राहिले. धाकट्या मालकांनी माईकमध्ये हळूच, मायेने म्हटलं, "काकांचं आता वय झालंय." मग त्यांनी फीत कापली.

संच तसाच विकला गेला. छापून झालेला कापडी संच कोण परत घेतो? वर्तमानपत्राने मात्र आतल्या पानावर, भाव आणि हवामान यांच्या मधे, चार ओळींचा खुलासा दिला: एकाक्ष कोण हे अद्याप निश्चित नाही. मथळा होता 'दुरुस्ती'.

"बघा," काकू म्हणाल्या, "आलं की नाव छापून."

काका हसले नाहीत. काकूही हसल्या नाहीत.

काही महिन्यांनी भाची आपला सुधारलेला लेख घेऊन आली. परदेशातल्या कुठल्याशा नियतकालिकाने तो घेतला होता. काकांनी पेन घेऊन वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच पानावर थांबले.

"हा 'लेखक अ' कोण?"

"तुम्ही, मामा."

"अ? अ म्हणजे काय? अडाणी? अनाथ? एवढी पुस्तकं लिहून मला शेवटी एक अक्षर दिलंत?"

"मला तुमचं नाव घालायचं होतं. खरंच," भाचीचे डोळे भरले. "पण त्यासाठी तुमच्या नावाचा नमुना लागतो. सभेत तुम्ही बोललात त्याचं रेकॉर्डिंग होतं. तुमच्या नावाने जगात तेवढंच आहे. मी ते उतरवून यंत्रात घातलं."

"मग?"

"नमुना अपुरा, म्हणालं."

काकांनी सभेतले ते शब्द मनात पुन्हा मोजले. मी लिहिलंय, सगळं मी लिहिलंय. ढीगभर पुस्तकं दुसऱ्याच्या नावावर, आणि स्वतःच्या नावावर एवढंच. तेही कमी पडलं.

त्यांनी तिचा लेख बाजूला सारला. "किती लागेल?"

"मामा, आता लिहिलेलं लोक मानणार नाहीत. म्हणतील..."

"म्हणू देत! किती लागेल ते सांग."

"बरंच," ती म्हणाली. "एक अख्खं पुस्तक."

काकूंनी न सांगता टेबल पुसून दिलं. काकांनी कोरे कागद ओढले आणि सगळ्यात आधी वरती, मध्यभागी, आपलं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. अक्षर थरथरलं होतं. त्यांनी ते खोडलं नाही.

"काय लिहिताय?" काकूंनी विचारलं. "खून आहे का?"

"मालकाचा मृत्युलेख," काका म्हणाले. "मागे लिहिला तो त्याच्या पोराचा होता. हा माझा."

भाची उठून बाहेरच्या खोलीत गेली. काकूंनी दिवा डाव्या हाताने जवळ सरकवला आणि दार लोटून घेतलं.